जुळ्यांना कोण बघणार?

चष्मेवालीनं क्लब काढायचं ठरवलं तेव्हा तिच्या नवऱ्याला हसूच आवरेना. "क्लब? आणि बसणार कुठे तुम्ही?"

"फोनमध्ये."

"बरंय, म्हणजे सतरंज्या झटकायला नकोत," असं म्हणून तो आंघोळीला गेला. दिवसभर दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या बाईनं बायकामुलींचं भलं करायला निघावं, यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. पण ती हट्टाला पेटली की पेटली.

अकरा जणी जमल्या. एक निवृत्त शिक्षिका, दोन नर्स, एक वकिलीणबाई, काही ओळखीतल्या, आणि ओढून आणलेली थोरली ताई, जिच्या व्हिडिओच्या चौकोनात वर्षभर फक्त छताचा पंखा दिसला. नाव ठेवलं 'पाठबळ'. बैठक दर रविवारी चारला. खरं सांगायचं तर पहिले आठ महिने एकमेकींची पाठ थोपटण्यापलीकडे कुणी काडी हलवली नाही.

मग रॉकेट आली. भरभर बोलते म्हणून शिक्षिकेनं तिला हे नाव ठेवलं. वय अठरा. मांडीवर कायम भावाच्या जुळ्यांपैकी एक, आणि दुसरं पलीकडे काहीतरी पाडत असायचं. आई नव्हती, भाऊ-वहिनी दोघं कारखान्यात, वडील रात्रपाळीचे पहारेकरी. तिला रक्त तपासणाऱ्या लॅबचा कोर्स करायचा होता, परगावी, वसतिगृहात राहून. घरी विचारलं असतं तर जुळ्यांचं नाव पुढे करून विषय मिटला असता. म्हणून ठरलं की आधी गुपचूप प्रवेश पक्का करायचा आणि मग घरी सांगायचं. नर्सबाईंनी अभ्यास घेतला, वकिलीणबाईंनी फॉर्म भरला. फोन वडिलांचा होता, पण त्याचं कुणाला भय वाटत नव्हतं. त्यांना जवळचं दिसत नसे, मेसेज त्यांनी जन्मात वाचले नव्हते.

एका मंगळवारी रॉकेटच वडिलांना घेऊन दुकानात आली. त्यांना गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचता येत नव्हतं. ते आरशात बघत असताना पोरीनं मागून डोळा मारला, आणि चष्मेवालीनं हसू दाबत त्यांचा चष्मा घरच्या माणसाचा करावा तसा जीव लावून केला. त्यांनी खिशातलं पाकीट काढून बारीक अक्षरं घडाघडा वाचून दाखवली. "बाई, तुमच्या हाताला गुण आहे," ते म्हणाले. ती दिवसभर खुशीत होती.

गुरुवारी संध्याकाळी, फॉर्मवर दिलेल्या दुकानाच्या पत्त्यावर, कॉलेजचं पत्र आलं. प्रवेश मिळाला होता. शनिवारी पाचच्या आत स्वतः हजर राहून सही करायची, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. चष्मेवालीला आनंदानं काही सुचेना. तिनं तिथल्या तिथे ग्रुपवर टाकलं, 'अभिनंदन रॉकेट! आपल्या क्लबची पहिली मुलगी! शनिवारी दोनची बस धर, आणि घरी अजिबात कळू देऊ नकोस.' पुढे फुलंच फुलं.

तासाभरात रॉकेटचा नंबर ग्रुपमधून बाहेर पडला. बायका विचारू लागल्या, काय झालं, रेंज गेली का? तो मेसेज कुणी वाचला आणि कशानं वाचला, हे चष्मेवालीला मात्र कुणी सांगायला नको होतं. त्या रात्री ती जेवली नाही. शुक्रवारी तिनं दहादा फोन लावला, एकदाही कुणी उचलला नाही.

शनिवारी बाराच्या सुमारास वडीलच दुकानात आले.

"नाकावर जरा टोचतोय बघा," त्यांनी चष्मा काढून दिला. "बाकी झकास. परवा त्याच्यामुळेच वाचलो. कुठल्याशा बायका पोरीला फूस लावत होत्या फोनवरून."

तिनं बारीक पक्कड उचलली. गप्प राहणं सोपं होतं, पण बसला अजून दोन तास होते.

"तो मेसेज मी टाकला होता, काका. क्लब माझा आहे. पोरगी हुशार आहे हो तुमची. जाऊ द्या तिला."

तिला वाटलं आता हे चष्मा आपटतील. ते नुसते स्टुलावर बसले. रात्रपाळी करून आलेला माणूस, डोळे लाल.

"हुशार आहे ते मला सांगता? पहिली बेरीज मी शिकवली तिला," ते म्हणाले. "जुळ्यांना कोण बघणार, तेवढं सांगा. सून कामावर गेली नाही तर चूल पेटत नाही. मी दिवसा झोपलो नाही तर रात्री उभा राहू शकत नाही. फोनवर बघितलं मी, तुम्ही अकरा जणी आहात ना? एक कोणी या. आत्ता या, मी पोरीला बसमध्ये बसवून देतो. शब्द आहे माझा."

चष्मेवालीनं फोन काढला. 'तातडीचं. रॉकेट जाऊ शकते. जुळ्यांना सांभाळायला रोज कोण येईल? आळीपाळीनं चालेल.' पाठवून तिनं फोन काउंटरवर ठेवला. दोघंही त्याच्याकडे बघत बसले.

सगळ्यांनी वाचलं. एका नर्सनं रडका चेहरा टाकला. शिक्षिकेनं लिहिलं, 'मी तुमच्या शहरात राहतच नाही, पण मनानं तिच्याबरोबर आहे.' वकिलीणबाईंनी लिहिलं, 'ती सज्ञान आहे, कायदा तिच्या बाजूनं आहे.' पाच जणींनी हात जोडले. ताईनं चुकून अंगठा दाखवला आणि मग तो पुसला.

"आणि तुम्ही?" वडिलांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता.

दुकान दहा ते आठ होतं. एक दिवस खाडा झाला तर मालक दुसरी बघणार होता. घरी सासू अंथरुणाला खिळलेली. स्वतःची तिला इतकी शरम कधी वाटली नव्हती.

दीड वाजेपर्यंत ते बसून राहिले. मग उठले. तिनं नाकावरच्या पट्ट्या सारख्या केल्या, भिंगं फडक्यानं पुसली आणि चष्मा त्यांच्या हातात दिला.

"आता टोचत नाही," ते म्हणाले. दारातून वळून त्यांनी हळूच विचारलं, "पुढच्या वर्षी परत फॉर्म भरता येतो का?"

"येतो," ती म्हणाली. पुढच्या वर्षी जुळी दोन वर्षांची होणार होती, आणि वहिनीला परत दिवस गेले होते, हे रॉकेटनं मागच्याच रविवारी तिला सांगितलं होतं.