बंद पडलेलं सक्शन

दातांच्या दवाखान्यातल्या मोठ्या सक्शनची मोटर घरघरली आणि बसली. पेशंटच्या दातांवर यंत्र चालूच होतं. त्याचा फवारा एरवी रुंद नळीत खेचला जायचा. आता तो थुंकीरक्तासकट मदतीला उभ्या असलेल्या मावशींच्या अंगावर उडू लागला.

"डॉक्टर, थांबा. सगळं हवेत उडतंय."

"अर्धं झालंय मावशी, उरकून टाकू. लाळेची नळी धरा."

मावशींनी धरली. बारीक नळीनं लाळ निघते, फवाऱ्याचं धुकं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मावशींच्या लेकीला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा डॉक्टरच म्हणाले होते, "तिची प्रतिकारशक्ती आता कमी. तुमच्याबरोबर इथले जंतू घरी जायला नकोत." मग त्यांनी प्रत्येक पेशंटला आधी औषधाची चूळ भरायला लावली, हे सक्शन आणलं, खिडकीत पंखा बसवला. एवढे उपकार. म्हणून मावशींच्या तोंडून दुसऱ्यांदा 'थांबा' निघालं नाही.

दुरुस्तीवाला रोज 'उद्या' म्हणायचा. बाकावर माणसं ताटकळायची, आणि दातांच्या सफाया तशाच चालायच्या. मावशी घरी आल्या की अंग घासून धुवायच्या, मास्क लावून उंबऱ्याशीच बसायच्या.

"आई, मी काय वाळीत टाकलेली आहे का गं?" एका संध्याकाळी लेक रडवेली होऊन म्हणाली. "केस गेले, चव गेली. आता तूपण लांब."

मावशींना राहवलं नाही. त्या पलंगावर बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं. लेक लहान मुलासारखी झोपून गेली.

चार-पाच दिवसांनी तिला ताप भरला. इस्पितळात सांगितलं, छातीत जंतुसंसर्ग आहे. कुठून आला, सांगता येत नाही. तिच्या स्वतःच्या अंगातूनही आला असेल. औषधं लागू पडली नाहीत. ती गेली.

डॉक्टर भेटायला आले. मावशींसमोर बसले.

"मावशी, मी तेव्हा काम बंद ठेवायला हवं होतं."

दारातली शेजारीण हळहळली, "तुम्ही तरी काय करणार? नशिबाचे भोग."

डॉक्टरांनी मावशींकडे पाहिलं. जन्मभर मावशींनी प्रत्येकाला 'असू द्या' म्हटलं होतं. पायावर पाय देणाऱ्यालासुद्धा.

"हो," मावशी म्हणाल्या. "ठेवायला हवं होतं."

आणि डॉक्टरांसाठी पाणी आणायला उठल्या.