लाकडाला हलायला जागा

"टेबल उन्हात ठेवलं असणार," म्हातारा सुतार म्हणाला. "आमचं लाकूड असं तडकत नाही."

"उन्हात कशाला ठेवू? घरातच होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी मोठ्या हौसेने करून घेतलेलं टेबल होतं. फळी त्याची, आणि वेलीसारखे वळत वर चढणारे लोखंडी पाय त्याच्या बायकोचे. चित्र त्याने काढायचं, लोखंड तिने वाकवून जोडायचं, भोकं त्याने पाडायची, असा दोघांचा जन्माचा शिरस्ता. आता फळी मधोमध फाटली होती.

त्याने कुरकुरत टेबल उलटं केलं. पाय फळीला जोडणाऱ्या लोखंडी पट्टीतली स्क्रूची भोकं चक्क गोल होती. लाकूड हवेप्रमाणे फुगतं, आकसतं; लोखंड ढिम्म हलत नाही. म्हणून भोक लांबट पाडायचं, स्क्रूला सरकायला वाव हवा, हे सांगून सांगून त्याने लोकांना वीट आणला होता. मग ही गोल भोकं आली कुठून?

"मीच पाडली हो ती," बायको मागून म्हणाली. "घाईत चूक झाली. नवी फळी बसवून देऊ, बाई."

बाई गेल्या. तो तिथेच उभा. हिने पाडली? ही तर ड्रिलला हात लावत नाही.

"तू कधी पाडलीस?"

"तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा."

"मी तुझ्याशिवाय कधी जेवलोय?"

ती उगाच पक्कड पुसत बसली. ही खोटं का बोलतेय? की खरंच बोलतेय, आणि आपलंच काही चुकतंय? भिंतीला टेकवलेला नवा सांगाडा त्याने पुढे ओढला. याची भोकं त्याने सकाळीच पाडली होती, तेवढं पक्कं आठवत होतं. सगळी गोल.

"हे पहिल्यांदाच झालं का गं?"

"नाही. बाकीची मी तुमच्या मागे नीट करत होते. हे एक नजरेतून सुटलं."

"ड्रिल कधी शिकलीस?"

"तुमचं बघून बघून."

त्याला भीती वाटत होती, रागही येत होता, पण काढायचा कोणावर? शेवटी त्याने कोरी पट्टी शिकंज्यात आवळली.

"इकडे ये. भोक कसलं पाडायचं ते सांग."

"लांबट."

"मोठ्याने सांग. मशीन सुरू झालं की ऐकू येत नाही."

तिने वेल्डिंगचं हेल्मेट तोंडावर ओढून घेतलं. वेल्डिंगचं काही काम उरलं नव्हतं.

"लांबट," ती आतून म्हणाली, आणि त्याने ड्रिल सुरू केलं.