कवळीखालची चिमूट

हॉलबाहेर चपलांचा खच पडला होता. आत माणसं आ वासून रांगेत उभी होती, अगदी खरोखरच आ वासून. महाराजांचं भस्म महाराजांच्याच बोटांनी जिभेवर घ्यायचं, त्यांच्यादेखत गिळायचं आणि तोंड उघडून दाखवायचं, असा तिथला नियम होता. बोटं धुण्याची भानगड नाही. एकाच्या लाळेने माखलेली बोटं तशीच पुढच्याच्या तोंडात जात. रांगेतल्या शिवणवाल्या मावशींनी पदर नाकाला लावला.

"संशोधन झालंय भस्मावर," महाराज सांगत होते. "तुम्हीच माझे संशोधक. बोला, सांधे सुटले की नाही?"

"सुटले," गर्दी एका सुरात म्हणाली. त्यात मावशींचे थोरले भाऊ, दादा, सगळ्यांत पुढे.

दादांनी दवाखान्याची औषधं कधीच फेकून दिली होती. आता ते ताठ चालत. चेहरा गोल गरगरीत झाला होता, त्याला लोक तेज म्हणत. कसलं तेज, सूज होती ती. रक्तातली साखर वाढली होती, आणि एकदा भस्म चुकलं तेव्हा त्यांना अंथरुणातून उठवेना. पण सांगायला जावं तर अंगावर येत.

मावशींचेही सांधे दुखत. त्या उपचाराला जात त्या दवाखान्यात औषधांचा अभ्यास करणारा एक गट होता आणि त्यात डॉक्टरांइतकेच रुग्णही होते. काय तपासायचं, ते दोघांनी मिळून ठरवायचं. तिथे भस्माचा विषय निघाला तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "दुखणं खरंच कमी होतं का, ते आधी बघू."

"होतं हो कमी, घरात बघतेय ना मी," मावशी म्हणाल्या. "एक दिवस चुकला की माणूस पार आडवा का होतो, ते शोधा."

डॉक्टरबाईंनी ते वहीत टिपलं. "संशय येतोय मला. पण नमुना कुठून आणायचा? तो तर तोंडातच घालतो."

"माझ्या तोंडातून आणते की. कवळी कशाला बसवलीय?"

"गिळायचं मात्र नाही हं, मावशी."

म्हणून मावशी आज रांगेत होत्या. ती ओलसर बोटं जिभेला लागली तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटले, जिभेनेच चिमूट वरच्या कवळीखाली सारली आणि तोंड उघडून दाखवलं. महाराज प्रसन्न झाले. बाहेर येऊन मावशींनी कवळी काढली, लगदा डबीत खरवडला आणि नळाखाली कितीतरी वेळ चुळा भरल्या.

तपासणीत निघाली ती राख आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांची पूड.

पुढच्या बैठकीला मावशी डॉक्टरबाईंना घेऊनच हॉलमध्ये गेल्या आणि सगळ्यांसमोर सांगून मोकळ्या झाल्या. महाराज खवळले. "दैवी वस्तू कवळीत घातलीस? विटाळलीस."

"विटाळ कुणाच्या बोटांचा, ते बघा आधी," मावशी म्हणाल्या.

दादांचा चेहरा पडला. "म्हणजे मला बरं वाटलं ते खोटं?"

"बरं वाटलं ते खरंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "स्टेरॉइडने सांध्यांची सूज उतरते, पण चेहरा सुजतो आणि साखर वाढते. मीही देते ते, पण मोजून, साखर तपासून आणि तुम्हाला सांगून. हे चिमटीने देतात आणि लपवून देतात."

"मग आजपासून बंद."

"तेही नाही. शरीराला सवय लागलीय त्याची. एकदम तोडलंत तर जिवावर बेतेल. उद्या दवाखान्यात या, हळूहळू उतरवू. इथल्या सगळ्यांनीच या."

तेवढ्यात महाराज मागच्या दाराने सटकले. तरी रांग मोडेना; ते परत येतील म्हणून माणसं तोंड उघडून उभीच. कुणी म्हणालं, डॉक्टरांना पोटदुखी झालीय. मावशींना त्या रांगेची किळस आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

मग दादा रांगेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. ते रांगेकडे वळून बोलू लागले.

"मी बरा झालो म्हणून तुमच्यातले निम्मे इथे आलात. मीच आणलं तुम्हाला. गिळताना मी एकदाही विचारलं नाही की यात आहे काय. तुम्ही विचारा. डॉक्टरांनाही विचारा. जो सांगणार नाही, त्याच्यापुढे तोंड उघडू नका."

पुढच्या बाईने उघडलेलं तोंड मिटलं.