बाईंच्या पत्रांची पोच

"या नावाची कुणी बाई इथं नाही," खिडकीमागचा कारकून म्हणाला आणि त्याने पत्रांचा गठ्ठा जसाच्या तसा बाहेर ढकलला.

"मग तसं लिहून द्या," टपालवाली म्हणाली. "प्रत्येक पाकिटावर 'इथं नाही' असं लिहा, खाली सही करा, शिक्का मारा. लगेच परत पाठवते."

"लिहून-बिहून काही मिळणार नाही. साहेबांचा हुकूम आहे. घ्यायचं नाही आणि लिहायचंही नाही."

"म्हणजे बाई आहे पण नाही, आणि नाही पण आहे."

"मावशी, मला पोरंबाळं आहेत हो," कारकून आवाज खाली आणून म्हणाला आणि त्याने खिडकीची फळी ओढून घेतली.

तुरुंगाच्या भिंतीला टेकवलेली सायकल घेऊन ती निघाली. टपालकचेरीत तिच्या माघारी तिला सगळे 'डिंक' म्हणत. एकदा चिकटली की सुटायची नाही. तिलाही ते नाव ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते.

गठ्ठ्यात त्रेचाळीस पत्रे होती, सगळी परदेशातून रजिस्टर होऊन आलेली आणि प्रत्येकाला मागे, घेणाऱ्याची सही होऊन पाठवणाऱ्याकडे परत जाणारी गुलाबी पोचपावती चिकटवलेली. कुठल्याशा बेकरीतल्या कामगारांनी एक पत्र पाठवले होते, एक एका शाळेतल्या वर्गाने. एकाने तर पत्ता देवनागरीत काढला होता. लिहिला नव्हता, चित्र काढावे तसा काढला होता. काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे. पण बाईंचे नाव मात्र बरोबर होते.

बाई म्हणजे गावातल्या शाळेच्या निवृत्त मास्तरीणबाई. विज्ञान शिकवायच्या. तलावाकाठच्या रंगाच्या कारखान्याचे पाणी बाटल्यांत भरभरून त्यांनी तपासले, दहा वर्षे अर्ज केले. मग तलावापलीकडच्या टेकड्यांवर तोफांच्या सरावाचे मैदान करायचे ठरले, तेव्हा त्या लष्कराच्या गाड्यांसमोर रस्त्यावर खुर्ची टाकून बसल्या. सोबत वीस-पंचवीस माणसे. हातात दगड नाही, काठी नाही. बाई स्वेटर विणत होत्या. त्यांच्यावर देशद्रोहाचा खटला भरला. पहिले काही महिने मुलीला भेट मिळे. तीन महिन्यांपूर्वी सरकारने तिला कळवले की आईला दुसरीकडे हलवले आहे, कुठे ते सांगता येत नाही. त्यानंतर मुलगी या कचेरीतून त्या कचेरीत चपला झिजवत होती. बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशात ही हकिगत सांगितली, आणि पत्रांचा ओघ सुरू झाला.

बाई कुठे होत्या ते टपालवालीला पक्के ठाऊक होते. तिची नणंद तुरुंगाच्या दवाखान्यात नर्स होती.

"आठ नंबरच्या कोठडीत आहेत, वहिनी," नणंदेने चहाच्या कपाकडे बघत सांगितले होते. "खोकतात. चष्मा फुटलाय, नवीन देत नाहीत. मी बोलले असं कुणाला कळलं तर माझी नोकरी गेलीच म्हणून समजा."

"तुमचं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही, वन्सं."

"आणि तो रोज विचारतो, मंत्रालयाचं पाकीट आलं का. पदक मिळणार आहे म्हणे त्याला. उत्कृष्ट सेवेबद्दल."

'तो' म्हणजे तुरुंगाचा अधीक्षक. या दोघींच्या घरात त्याचे नाव कधी घेतले जात नसे. बारा वर्षांपूर्वी तो इथेच ठाण्यावर इन्स्पेक्टर होता. टपालवालीचा नवरा तेव्हा पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह उघडबंद करायच्या कामावर होता. पहाटे कामावर जाताना कारखान्याचे टँकर तलावात रिते होताना त्याला दिसत. त्याने त्यांचे नंबर टिपून ठेवले, बाईंना बाटल्या भरून आणून दिल्या आणि एके दिवशी टँकरसमोर उभा राहून तो अडवला. चौथ्या दिवशी त्याचे प्रेत तलावात सापडले. डोक्याला मागून खोक होती. इन्स्पेक्टरने पंचनाम्यात लिहिले, 'दारूच्या नशेत तोल जाऊन बुडाला.' खाली लफ्फेदार सही.

नवऱ्याने उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण कागद बोलतो आणि माणूस गप्प होतो. शेजारपाजारचे लोक 'चांगला होता हो, पण' असे म्हणू लागले. सासूबाई मरेपर्यंत विचारत राहिल्या, "त्यानं कधी घेतली होती का गं? खरं सांग, मी रागावणार नाही." त्याच्या मृत्यूच्या चौकशीत एकट्या बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हा माणूस माझ्याकडे दर आठवड्याला यायचा, शुद्धीत यायचा आणि शहाण्यासारखं बोलायचा. त्यांचे कुणी ऐकले नाही. पुढे एका दुपारी घरात कुणी नसताना टपालवालीने स्वतःच नवऱ्याचा जुना सदरा ट्रंकेतून काढून त्याचा वास घेऊन पाहिला. आपण काय करतो आहोत हे लक्षात आले तेव्हा ती मटकन खाली बसली. बाकी सगळे तिने कदाचित पोटात घातले असते. त्या सदऱ्याचा वास आपल्याला घ्यायला लावला, हे तिने त्या माणसाला कधीच माफ केले नाही.

मंत्रालयाचे पाकीट आले ते एका मंगळवारी. जाड, पिवळे, लाखेचा शिक्का मारलेले. वर लिहिले होते, 'व्यक्तिशः, स्वहस्ते द्यावे.' म्हणजे ते खिडकीवरच्या कारकुनाला देता येत नव्हते. टपालवालीने आत जाऊन ते साहेबांच्या हातातच ठेवायला हवे होते.

तिने ते पाकीट वर ठेवले आणि खाली बाईंची पत्रे रचली. आता ती पत्रे एकसष्ट झाली होती.

पोस्टमास्तर पाहत होते. भित्रा पण सरळ माणूस. आयुष्यभर नियमांचे पुस्तक उशाला घेऊन झोपलेला.

"हे सगळं एकदम नेताय?" त्यांनी विचारले.

"एकाच पत्त्यावरचं रजिस्टर टपाल आहे, साहेब. कैद्याची पत्रं तुरुंगाच्या प्रमुखानं सही करून घ्यायची, असं तुमच्याच पुस्तकात आहे."

"नियमात बसतं?"

"बसतं."

"मग मला काही विचारू नका." ते कपाटाकडे गेले आणि शाईचे नवे पॅड घेऊन आले. "शिक्का पुसट उठला तर पोच ग्राह्य धरत नाहीत. हे असू द्या जवळ."

अधीक्षकाच्या खोलीत पंखा फिरत होता. टेबलाची काच आरशासारखी लख्ख होती. तो फोनवर होता. जाड झाला होता, केस काळे केले होते. त्याने तिच्याकडे पाहिले, आणि खुर्चीकडे किंवा भिंतीकडे पाहावे तशी नजर पुढे सरकली. चौकशीच्या दिवशी ती याच माणसासमोर, हातभर अंतरावर, तीन तास उभी होती.

पिवळे पाकीट पाहताच त्याचा चेहरा उजळला. "आलं, आलं," तो फोनमध्ये म्हणाला. "हातात आहे माझ्या. थांब, फोडतो. काय बाई, कुठं सही?"

"या पाकिटाची इथं. आणि या बाकीच्या पावत्यांवर."

"एवढ्या? कुणाच्या?"

"परदेशचं टपाल आहे, साहेब. आठ नंबरच्या कोठडीतल्या बाईंचं," ती स्पष्ट म्हणाली. प्रत्येक शब्द मोकळा, वर्गात धडा वाचावा तसा. खोटे बोलायचे नाही, हे तिने घरून निघतानाच ठरवले होते. खोटे लिहून माणूस कसा पुरतात ते तिने पाहिले होते.

पण तो ऐकत कुठे होता? एका हाताने फोन कानाशी धरून तो हसत होता. "अरे, पहिल्या रांगेत बसवणार म्हणे. सपत्नीक." दुसऱ्या हाताने सही करत होता. ती एकेक पावती पुढे सरकवायची, तो लफ्फा मारायचा, ती टेबलावरचा त्याचाच शिक्का नव्या पॅडवर टेकवून दाबायची. तुरुंगाचे नाव, त्याचा हुद्दा, तारीख. सही तीच होती. शेवटी शेपटी फिरवून खाली दोन ठिपके. बारा वर्षांत एक ठिपकाही बदलला नव्हता. तिसाव्या सहीला तो वैतागला.

"आणखी किती?"

"झाल्याच, साहेब."

"ती पत्रं ठेव तिकडे कोपऱ्यात."

तिने पत्रे कोपऱ्यात नीट रचून ठेवली, एकसष्ट पावत्या पिशवीत घातल्या आणि बाहेर आल्यावर कचेरीकडे न जाता तडक स्टेशनवर सायकल हाणली. दुपारच्या टपालाच्या डब्यात तिने आपल्या हाताने थैली चढवली. गाडी हलेपर्यंत ती फलाटावर उभी राहिली.

कचेरीत परतली तेव्हा फोन वाजतच होता. पोस्टमास्तरांनी तो उचलला. पलीकडे अधीक्षकाचा आवाज इतका चढला होता की तो टेबलाच्या अलीकडेही ऐकू येत होता.

"पावत्या?" पोस्टमास्तरांनी घड्याळाकडे पाहिले. "गेल्या, साहेब. दोनच्या गाडीनं. नाही, परत मागवता येत नाहीत, टपाल एकदा गेलं की ते पाठवणाऱ्याचं. हो, तक्रार करा ना. लेखी करा."

फोन ठेवून ते बराच वेळ कपाळ पुसत बसले. "अहो डिंक," ते म्हणाले आणि जीभ चावली. टपालवाली बारा वर्षांत पहिल्यांदा कचेरीत मोठ्याने हसली.

पावत्या जगभर पोचल्या. जी बाई कुठे आहे ते सरकारला सांगता येत नव्हते, तिचे टपाल अमक्या तुरुंगाच्या अधीक्षकाने अमक्या तारखेला स्वतः सही करून घेतले होते. बेकरीवाल्यांनी आपली पावती वर्तमानपत्रात छापून आणली. शाळेतल्या मुलांनी आपली पावती त्यांच्या मंत्र्याला नेऊन दाखवली. अठरा देशांतून चौकशा आल्या. बाईंच्या मुलीच्या वकिलाने परदेशातून परत पाठवलेल्या चाळीस पावत्या न्यायाधीशासमोर पत्त्यांसारख्या मांडल्या, आणि आठवड्याच्या आत बाईंना कोर्टात हजर करावे लागले. त्यांना पाहून न्यायाधीशाने आधी डॉक्टर बोलावला. अधीक्षक निलंबित झाला. पदकाच्या समारंभात पहिल्या रांगेत दुसरेच कुणी सपत्नीक बसले.

टपालवालीवरही चौकशी बसलीच. तोवर तिला सायकलवरून काढून तिकिटांच्या खिडकीवर बसवले होते. तिथेच एका सकाळी तो रांगेत उभा राहिलेला तिला दिसला. अंगावर वर्दी नव्हती. पुढे तीन माणसे होती. एरवी त्याने त्यांना कोपराने सारले असते. आज उभा राहिला. तिने त्या तिघांचे काम सावकाश केले.

"तू मुद्दाम केलंस," तो खिडकीत वाकून म्हणाला.

"हो."

तो थोडा गडबडला. नकार ऐकायची तयारी करून आला असावा. "का पण? मी तुझं काय वाकडं केलं होतं?"

हा प्रश्न कधीतरी येईल म्हणून तिने बारा वर्षे उत्तर घोटून ठेवले होते. तिने ते दिले. नवऱ्याचे काम, टँकर, तलाव, डोक्यावरची खोक, पंचनाम्याचे ते वाक्य. आवाज चढवला नाही.

त्याने डोळे बारीक केले. मनापासून आठवायचा प्रयत्न केला त्याने, तेवढे तिला दिसले. "पाणीपुरवठ्याचा?" तो म्हणाला. "तलावात तर दरवर्षी दोनचार निघायचे. कुठला तो?"

तिच्या हातातले तिकिटांचे पान चुरगळले. बारा वर्षे दात ओठ खाऊन ज्याच्यावर उट्टे काढले, त्याला ते कशाबद्दल हेच ठाऊक नव्हते. त्याला पदक गेल्याचे दुःख होते. तिचा नवरा त्याच्या डोक्यात कधी शिरलाच नव्हता.

तिने एक कोरा कागद खिडकीतून पुढे सरकवला. "लिहा. 'तो दारू प्यायलेला नव्हता.' खाली सही करा."

"मला आठवतच नाही, तर लिहू कसं?"

"तेव्हा तरी कुठं पाहून लिहिलं होतं?"

मागे कुणीतरी खोकले. तो कागदाकडे पाहत राहिला. पेन खिशाला होते, हातही तिकडे गेला, पण मग तो वळला आणि रांग चिरत बाहेर पडला.

"पुढे या," ती पुढच्या माणसाला म्हणाली. तो म्हातारा होता, तिकीट मागायचे सोडून तो म्हणाला, "मी ओळखत होतो तुमच्या यजमानांना. फार नेमाचा माणूस." तिने तिकीट फाडून दिले, पण त्याच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर खिडकी बंद करावी लागली असती.

चौकशीत नियमभंग सापडला नाही, तरी तिला निवृत्तीच्या वर्षभर आधीच घरी बसवले.

बाई आता शहरातल्या इस्पितळात होत्या. दाराशी बंदूकवाला होता आणि खटला अजून उभाच होता. भेटणाऱ्यांच्या यादीत मुलीने टपालवालीचे नाव घातले. ती गेली तेव्हा खाटेखाली पत्रांची दोन खोकी होती. बाई खूप वाळल्या होत्या.

"त्याची नोकरी गेली म्हणे," बाई म्हणाल्या. "त्याचं वाईट व्हावं असं मला नव्हतं वाटत गं."

"तुम्ही नका वाईट चिंतू, बाई. त्याला मी आहे."

बाई हसल्या, मग खोकल्या. खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "चष्म्याचा नंबर फार वाढलाय. नवा आला तरी अक्षर लागत नाही. काय लिहिलंय ते वाचतेस?"

"मला कुठली येते ती भाषा? मला पत्ते तेवढे वाचता येतात. आयुष्यभर तेच वाचले."

"मग पत्ते वाच."

तिने खोके पुढे ओढले, पहिले पाकीट उचलले आणि मागच्या बाजूचे पाठवणाऱ्याचे नाव, गल्ली, गाव अडखळत वाचले. डोळे मिटलेल्या बाईंनी गावाचा उच्चार दुरुस्त केला. तिने तो पुन्हा म्हटला.

"आता बरोबर," बाई म्हणाल्या.

तिने दुसरे पाकीट उचलले.