आलेखात न बसलेला पाय

महामायाने बनवलेला मोजा दिसायला साधाच होता. सुती कापडावर कार्बनचा काळा लेप आणि त्यातून निघालेल्या बारीक तारा. कापड ताणलं किंवा दाबलं गेलं की त्यातून जाणारी वीज कमीजास्त व्हायची, आणि तळव्यावर कुठे किती दाब पडतोय ते यंत्रात नोंदलं जायचं. शुगरने ज्यांचे पाय बधिर झालेत त्यांना काटा रुतला तरी कळत नाही. ते त्यांना मोज्याने कळवावं, एवढ्यासाठी ती मलकापूरजवळच्या कॉलेजात तीन वर्षं खपत होती.

चाचणीसाठी ती सोनाळ्याला मावशीकडे गेली. मावशीला, म्हणजे बेबीताईला, शुगर होतीच. तिने स्वतः मोजा घातला आणि शेजारपाजारच्या बायाही गोळा करून दिल्या. कॉलेजात परतल्यावर महामायाने नोंदी उघडल्या, तर बेबीताईच्या उजव्या अंगठ्याखाली दाबाची रेघ सरळ वर चढलेली.

शेखर सर तिचे मार्गदर्शक. त्यांनी रेघ पाहिली आणि म्हणाले, "लेप तडकला असणार. काढून टाका हे."

"सर, मोजा एकदा तपासू तरी."

"अनवाणी फिरणाऱ्या बायकांचे पाय कशाला घेता तुम्ही? असल्या पायांवर सगळं चुकीचंच येणार."

असले पाय! मग मोजा कोणासाठी होता, गालिच्यावर चालणाऱ्यांसाठी? महामायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सरांनी स्वतःच्या हाताने तो आकडा पुसला, आलेख देखणा करून घेतला आणि शोधनिबंध रवाना होईपर्यंत मोजा कपाटात कुलपात ठेवला. तिने मावशीला फोन केला, तर ती म्हणाली, "मले तं काहीच दुखत नाही, पोरी." बधिर पाय दुसरं काय सांगणार?

मोजा हाती आला तो आठवड्याने. महामायाने तो आधी स्वतःच्या पायात चढवून पाहिला. लेप शाबूत होता, रेघ बरोबर येत होती. तिने तडक सोनाळ्याची एसटी धरली.

अंगठ्याखाली बाभळीचा काटा मोडून बसला होता आणि भोवतीची कातडी काळी पडली होती. दवाखान्यात अंगठा काढावा लागला. चार दिवस आधी आणलं असतं तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. महामायाने ते मावशीपासून लपवलं नाही. मोज्याचं आणि सरांचंही सगळं सांगितलं.

काट्याचं तिने कॉलेजात कळवलं होतं. ती खाटेशी बसली असतानाच सरांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"म्हणजे मोजा बरोबर होता तर! त्या बाईंचा एक फोटो पाठवा. मोज्याने पाय वाचवला, असं परिषदेत सांगता येईल."

असल्या माणसाशी बोलावं तरी काय? तिने फोन मावशीच्या हातात दिला.

"साहेब, मी बेबीताई बोलून राह्यली."

"कोण बेबीताई?"

बेबीताईने पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिलं.

"जिचा आकडा तुमी पुसला, थेच मी. मोज्यानं तुमाले सांगितलं होतं नं? मंग मले काऊन नाही सांगितलं?"

बेबीताईने फोन कानाला तसाच धरून ठेवला. तिला उत्तर हवं होतं.