पिवळी रेघ

सुट्ट्या तोंडावर आल्या की लोकांना एकदम दूरचे डोंगर दिसू लागतात, आणि त्या डोंगरांचा सगळा भार दोन भावांच्या गॅरेजवर येऊन पडतो. लांबच्या प्रवासाच्या जड मोटारसायकली आठवडाभर दारात रांगेने उभ्या होत्या. कुणाचं ऑइल बदलायचं, कुणाचे ब्रेक घासलेले, कुणाची चेन लोंबतेय. धाकट्याची कंबर धरली होती. संध्याकाळी हात धुताना साबण खाली पडला, तर तो वाकून उचलायचंही त्याच्या जिवावर आलं.

आणि तिथेच, नळापाशी, त्याला एकदम आठवलं.

शाळेतल्या मास्तरांची गाडी! दुपारी तिची चेन ताणायला त्याने मागच्या चाकाचा मोठा नट ढिला केला, चेन जुळवली, नट बोटांनी फिरवून बसवला आणि तेवढ्यात कुणाची तरी गाडी चालू होईना म्हणून तो उठला. नंतर पाना लावला का? काही केल्या आठवेना. मास्तर तर गाडी घेऊन गेलेसुद्धा. पहाटे बायकोला मागे बसवून ते निघणार होते.

"दादा, मास्तरांचा मागचा नट तू तपासलास ना?"

थोरला स्टुलावर बसून चहा पीत होता. "खूण केलीय की."

या गॅरेजचा एकच कायदा होता, वडिलांनी घालून दिलेला. एकाने नट आवळायचा, दुसऱ्याने पुन्हा पाना लावून तपासायचा आणि मगच नटावरून बाजूच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. रेघ दिसली की गाडी जायला मोकळी.

"खूण केलीस रे. पण पाना लावलास का?"

थोरल्याचा राग कायम नाकावर. "आता तू मला शिकवणार? इतकी वर्षं मी काय चित्रं काढत बसलोय?"

एरवी धाकट्याने शब्द गिळला असता. दादाशी वाद घालण्यापेक्षा इंजिन उतरवणं सोपं. पण मास्तरांची बायको त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. दुपारी तिने मागची सीट दाबून पाहत, "जरा मऊ नाही का होणार हो?" असं विचारलं होतं.

"मी जाऊन बघून येतो."

"चल, मीही येतो," थोरला कप आपटत म्हणाला. "घट्ट निघाला ना, तर तिथेच माझी माफी मागायची."

मास्तर घरासमोर गाडीला सामान बांधत होते. धाकटा कण्हत खाली बसला. पाना बाजूला ठेवून त्याने नुसत्या बोटांनी नट धरला. नट फिरला, आणि पिवळी रेघ मधोमध तुटली.

"ढिला राहिला होता," तो म्हणाला. "चूक आमची."

थोरल्याने पाना घेतला, नट आवळला, पुन्हा तपासला. मास्तरांनी स्वतः वाकून नट चाचपून पाहिला. त्यांची बायको मात्र बांधलेल्या सामानाकडे बघत पायरीवर बसली.

परतताना थोरला रस्त्यातच थांबला. "खरं सांगू? मी हल्ली पाना लावतच नाही. तुझा नट कधी ढिला सापडलाच नाही. मग म्हटलं, कशाला?"

धाकट्याला भडकायचं होतं, पण अंगात त्राण नव्हतं. आणि तोंड तरी कुठे होतं? "मीही हल्ली अंदाजानेच आवळतो, दादा. म्हटलं, मागून तू आहेसच."

आठवडाभरात दारातून गेलेली एकेक गाडी धाकट्याला आठवू लागली.

"लांबच्या प्रवासाला सगळ्यात आधी कोण निघालं?" थोरल्याने खिशातून फोन काढत विचारलं.

"ते दोघे मित्र, चेन ताणून घेतलेले. काल सकाळी."

थोरल्याने नंबर लावला. रिंग वाजत राहिली. त्याने पुन्हा लावला. गाडीवर असलेला माणूस फोन उचलत नाही, हे त्या दोघांनाही चांगलं माहीत होतं.