सोबतची फाईल वाचता येत नाही

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. औंढा नागनाथहून हिंगोलीकडे येणाऱ्या रस्त्यावर एक कॉलेज आहे. त्याच्या कॉमर्सच्या लॅबमध्ये, दाराजवळ, भिंतीला टेकून माझी जागा आहे. माझ्या कपाळावर पांढऱ्या रंगाने सात हा आकडा काढलेला आहे, त्यामुळे मला सगळे ‘सात नंबर’ म्हणतात. मित्रांनो, माझी गोष्ट फार मोठी नाही. सांगताना माझा आवाजही चढणार नाही, कारण मला तो नाही. माझा स्पीकर केव्हाच काढून नेलेला आहे.

माझा जन्म नांदेडच्या एका दुकानात झाला. जन्म म्हणजे जोडणी. डबा एकाचा, पंखा दुसऱ्याचा, पडदा तिसऱ्याचा असं करून मला उभं केलं आणि हिंगोलीतल्या विश्वंभर नावाच्या टायपिंगवाल्याला विकलं. त्याचं दुकान कचेरीच्या रस्त्याला होतं. तिथे मी बारा वर्षं अर्ज लिहिले. वारसाचे, रेशनकार्डाचे, नावातली चूक दुरुस्त करण्याचे. विश्वंभरने माझ्या प्रत्येक बटणावर मराठी अक्षराची चिकटपट्टी लावली होती. पहिली वेलांटी आधी दाबायची आणि अक्षर नंतर, हाताने लिहिताना काढतो तशी. ‘माझ्या कॉम्प्युटरसारखं मराठी तालुक्यात कुणाचं येत नाही,’ असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. मी ते ऐकायचो आणि पुढचा अर्ज उघडायचो.

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. मी आतमध्ये मराठी कधी लिहिलंच नाही. तुम्ही माझ्यावर ‘वि’ काढायला गेलात, तर मी आत एफ आणि ओ ही इंग्रजी अक्षरं ठेवतो आणि पडद्यावर त्यांना मराठीचा अंगरखा चढवतो. या अंगरख्याला फॉन्ट म्हणतात. तो जुन्या पद्धतीचा फॉन्ट फक्त माझ्याकडे होता. ज्या कॉम्प्युटरकडे तो नाही, त्याला माझा मजकूर उघडा दिसतो. विश्वंभरला त्याची कधी अडचण आली नाही. तो तिथल्या तिथे कागद छापून हातात द्यायचा.

पुढे त्याने नवा कॉम्प्युटर घेतला आणि मला कॉलेजला भेट दिलं. माजी विद्यार्थ्याची भेट म्हणून माझ्याबरोबर फोटो निघाला. हार घातला होता. दुसऱ्या दिवशी तो हार शिपाई ग्यानबाने काढून टाकला.

लॅबमध्ये आम्ही दहा जण. त्यातले पाच चालू. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला ऑफिसची कामं कॉम्प्युटरवर कशी करायची, हा विषय होता आणि तो पुनम मॅडम शिकवायच्या. पत्र कसं लिहायचं, तक्ता कसा करायचा, मेल कसा पाठवायचा. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या आणि साडेनऊला त्यांना दुसऱ्या कॉलेजची गाडी पकडायची असायची, म्हणून प्रात्यक्षिक सकाळी साडेसातला व्हायचं. मॅडम एक्सेलमध्ये बेरीज शिकवायच्या. पोरं खिशातला मोबाईल काढून त्यावर बेरीज करायची आणि आलेलं उत्तर चौकटीत टाइप करायची. ‘अरे, मग या चौकटी मी कशाला शिकवल्या?’ मॅडम विचारायच्या. पोरं हसायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

माझ्यापुढे शिला बसायची. मी सगळ्यात हळू चालतो, म्हणून मला कोणी घेत नसे आणि ती सगळ्यात शेवटी पोचायची. साडेआठला. ती तांड्यावरून यायची. तांडा मुख्य रस्त्यापासून पाच किलोमीटर आत. पलीकडच्या गावात रात्रीची मुक्कामी गाडी थांबते, ती सकाळी साडेसहाला फाट्यावरून जाते. ती पकडायची तर अंधारात निघावं लागे आणि अंधारात एकट्या पोरीला कोणी सोडत नव्हतं. मग उजाडल्यावर चालत फाटा आणि तिथून मिळेल ते वाहन. तोवर हजेरी होऊन गेलेली असे.

एकदा मॅडम तिला म्हणाल्या, “शिला, पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते. नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही. मी घड्याळाप्रमाणे लावते बघ, माझ्या हातात नाही.”

“मॅडम, परीक्षेला बसले तरच मला आजीपाशी ठेवणार हायेत,” शिला म्हणाली. “न्हाई तर दिवाळी झाली की बापूसंगं ऊसतोडीला जायचं. आमचं तसंच ठरलंय.”

मॅडमनी हजेरीची वही मिटली. शिला माझ्याकडे वळली आणि माझं बटण दाबलं. मी सुरू व्हायला चार मिनिटं घेतली.

जुलैच्या शेवटी कार्यालयीन पत्राचा धडा आला. मॅडमनी सांगितलं, खराखुरा अर्ज लिहा. बाकीच्यांनी एकमेकांचा रजेचा अर्ज उतरवून काढला. शिलाने बसच्या डेपोला अर्ज लिहिला. मुक्कामी गाडी सकाळी फाट्याकडे जाताना तांड्यावरून न्यावी, दोन किलोमीटरचा फेर पडेल, तांड्यावरच्या चार मुली वेळेवर शाळा-कॉलेजला पोचतील. बाकीच्या कॉम्प्युटरांवर मराठीसाठी इंग्रजी अक्षरं जुळवावी लागत. माझ्या बटणांवर मराठी अक्षर दिसत होतं. एक एक अक्षर शोधत तिने तो अर्ज तीन दिवसांत पुरा केला. समास सारखे, विषय मधोमध, खाली तारीख. मॅडमनी माझ्या पडद्यावर वाचून दहापैकी नऊ मार्क दिले. वर्गाला म्हणाल्या, “असा अर्ज लिहिता आला पाहिजे.”

लॅबचा प्रिंटर पावसाळ्याआधीपासून बंद होता. तरी शिला म्हणाली, मी बाहेरून छापून आणते आणि डेपोत देते. पण त्या आठवड्यात तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, किसनसिंग दाखल्याच्या कामाने कॉलेजात आले होते, ते अर्ज बघायला लॅबमध्ये आले. दाराशी चपला काढल्या. शिलाने त्यांना सगळा अर्ज वाचून दाखवला. ते उभ्यानेच ऐकत होते.

“आपल्या तांड्याचं नाव कुठंय?” त्यांनी विचारलं.

शिलाने बोट ठेवलं. त्यांनीही तिथे बोट ठेवलं.

“छापू नको,” ते म्हणाले. “कागद दिले आमी लई. फायलीत जाऊन पडतात, पुन्हा निघत न्हाईत. यातूनच पाठव. ह्ये बराबर साहेबाच्या डोळ्यापुढं जातंय.”

मॅडमना बरंच वाटलं. मेलचा धडा तसाही पुढे होताच. शिलाने मेलमध्ये काही लिहिलं नाही. फक्त अर्जाची फाईल जोडली आणि पाठवली. फाईल माझ्यातून गेली. अंगरखा माझ्यापाशीच राहिला. मला ते ठाऊक होतं. मला कोणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी मी सांगू शकलो नसतो. मला काही वाटलं नाही.

त्यानंतर शिला रोज आली की पहिल्यांदा मेल उघडायची. तीन आठवडे काही आलं नाही. मग एक ओळ आली: ‘सोबतची फाईल वाचता येत नाही. कृपया पुन्हा पाठवावी.’

शिलाने ती ओळ दोनदा वाचली. मग अर्जाची फाईल माझ्यावर उघडली. मी तो अर्ज तिला जसाच्या तसा दाखवला, कानामात्रेसकट. तिने मॅडमना बोलावलं.

“मॅडम, वाचता येऊन राहिलं की ओ!”

मॅडमनी वाकून पाहिलं. “येतंय की. स्वच्छ आहे. त्यांच्याकडे नीट उतरली नसेल. पुन्हा पाठव.”

तिने तीच फाईल पुन्हा पाठवली. आठ दिवसांनी तीच ओळ पुन्हा आली. तिने तिसऱ्यांदा पाठवली. त्यावर काहीच आलं नाही.

किसनसिंग नाईक पुन्हा एकदा येऊन गेले. शिलाने उत्तर वाचून दाखवलं.

“साहेबाला वाचता येत न्हाई? मंग त्यो साहेब कसा झाला?” ते म्हणाले. “तसं नसतंय पोरी. त्याहीला वाचायचं न्हाई. आमाला समजते त्याचा अर्थ. पुन्हा नको पाठवू. पाया पडल्यावानी दिसते.”

त्यांना राग आला नव्हता. अशा उत्तरांची त्यांना सवय असावी. शिलाने मेल उघडणं बंद केलं. ती साडेआठला यायची, माझ्यावर तक्ते करायची, साडेनऊला जायची. तिची बेरीज बरोबर असायची. ती मोबाईलवर करत नसे, तिच्याकडे मोबाईल नव्हता.

सप्टेंबरच्या शेवटी हजेरीची यादी लागली. बाकीचे तास धरूनही शिलाचे एकसष्टच टक्के भरले होते. तिचे वडील देविदास कॉलेजात येऊन गेले. लॅबच्या दारातूनच मॅडमशी बोलले.

“बसू देत न्हाईत म्हणल्यावर इथं ठिवून काय करू, मॅडम?”

“पुढच्या वर्षी पुन्हा विषय घेता येतो,” मॅडम म्हणाल्या.

“पुढचं पुढं बघू,” ते म्हणाले. त्यांनी हात जोडले आणि गेले.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात, आणि कॉलेजात आम्हीच हत्यारं. ग्यानबाने दहाही कॉम्प्युटरांना हळदीकुंकू लावलं, फुलं वाहिली. बंद पडलेल्या पाचांनाही लावलं, त्यात त्याने भेद केला नाही. तांब्यातल्या पाण्यात फूल बुडवून तो सगळ्यांवर शिंपडत आला आणि माझ्यापर्यंत पोचला तेव्हा मी चालू होतो. माझ्या पाठीमागची जाळी फुटलेली आहे. पाणी आत गेलं, फट् असा आवाज झाला आणि माझा पडदा काळा झाला.

“आरं देवा, सात नंबर गेला,” ग्यानबा म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. त्याने मला आणखी एकदा हळद लावली.

शिला त्या दिवशी पेन ड्राइव्हवरचं आपलं काम मॅडमना सोपवायला आली होती. परीक्षा नसली तरी काम पुरं करून द्यायचं, असं तिने ठरवलं होतं. मी बंद, म्हणून मॅडमनी तिला तीन नंबरवर बसवलं. ते माझ्या शेजारी आहे. तिने पहिली फाईल उघडली. ती अर्जाची होती.

पुढचं मी पाहिलेलं नाही. माझा पडदा काळा होता. पण दसरा झाल्यावर मला दुरुस्त करायला आलेल्या माणसाला मॅडम सांगत होत्या, ते सगळं मी ऐकलं. जिथे ‘विनंती’ हवं होतं, तिथे एफ, ओ, यू, ए, आर, एच एवढंच होतं. तांड्याच्या नावाच्या जागी कसल्या तरी खुणा. पान भरून तसंच. शिला बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, “मॅडम, त्याहीला खरंच वाचता येत नव्हतं.” एवढंच. ती रडली नाही, असं मॅडम म्हणाल्या. मॅडमनी तिला उठवलं, स्वतः बसल्या आणि तिच्या वहीतला कच्चा अर्ज समोर ठेवून सगळा पुन्हा टाइप केला. नव्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, जो कुठेही उघडतो. मेल गेला. दोन दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. दिवाळीनंतर गाडी तांड्यावरून नेण्यात येईल.

गाडी सुरू झाली. त्याच्या तीन दिवस आधी तांड्यावरचे लोक ट्रकमध्ये बसून उसाला गेले होते.

माझा बिघडलेला भाग बदलला आणि मी पुन्हा चालू झालो. नोव्हेंबरात एका सकाळी मॅडमचा फोन वाजला. त्या माझ्यापुढे बसून मार्कांची यादी भरत होत्या. दोन्ही हात गुंतले होते, म्हणून त्यांनी फोन माझ्या डब्यावर ठेवून आवाज मोठा केला. शिला होती. वडिलांच्या फोनवरून बोलत होती. मागे ऊस तोडल्याचा आवाज येत होता.

“मॅडम, गाडी येऊन राहिली का?”

“येते गं. सव्वासहाला तांड्यावर असते. अकरावीतली तुमची रुपा येते, अजून दोघी येतात.”

“टायमावर येतात न त्या?”

“हो. रोज.”

“मंग चांगलं झालं. मॅडम, त्या अर्जाचे नऊ मार्क धरले का ओ?”

मॅडमचे हात बटणांवर होते. त्यांनी कोणतंच बटण दाबलं नाही. माझ्या पडद्यावर तिच्या नावापुढची चौकट रिकामी होती, कारण परीक्षेला न बसलेल्यांचे मार्क धरत नाहीत. “हॅलो,” शिला म्हणाली. “आवाज येऊन राहिला का, मॅडम?” मग फोन कटला.

मित्रांनो, म्हातारी यंत्रं शेवटी सांगतात, आम्हाला पुसा, झाका, जपून वापरा. पुसलंत तर बरंच होईल. पण माझं मागणं वेगळं आहे. उत्तर आलं की ‘वाचता येत नाही’, तर आपल्याच पडद्यावर पाहून खात्री करू नका. आपल्याला आपलं नेहमीच नीट दिसतं. मी शिलाला तिचा अर्ज दरवेळी नीट दाखवला आणि तेवढ्यानेच तिचं वर्ष गेलं. मला त्याचं वाईट वाटतं. तो अर्ज एकदा शेजारच्या कॉम्प्युटरवर उघडायला हवा होता. तीन नंबर माझ्यापासून दोन हातांवर आहे. सगळा अर्ज पुन्हा टाइप करायला मॅडमना वीस मिनिटं लागली.